वैतीबाई फोटो बघतात

आमच्या ऑफिसात नवीन आलेला माणूस पहिल्या आठवड्यात एक प्रश्न हमखास विचारायचा, "त्या बाई दिवसभर परक्यांच्या लग्नाचे फोटो बघत बसतात, त्यांना पगार नक्की कशाचा मिळतो?" बाकीचे आडून विचारायचे. मी थेट वैतीबाईंनाच विचारला, कारण माझ्या जिभेला हाड नाही.

त्यांनी स्क्रीनवरची नजरही काढली नाही. "पगार बघण्याचाच मिळतो गो," म्हणाल्या. "कुठली तू?"

"मुलुंडची."

"मग बस, मुलुंड. ही नवरीची आत्या बघ. हिच्या पायाला आत्ता प्लास्टर असायला पाहिजे. दिसतंय?"

कुठलं प्लास्टर! आत्या उंच टाचा घालून वरातीच्या पुढे होती आणि बँडवाल्याच्या हातातली काठी तिच्या हातात होती.

त्या दिवसापासून माझं नाव मुलुंड पडलं, ते शेवटपर्यंत. माझ्या शेजारचा बोरिवली, पलीकडची चेंबूर, आणि सगळ्यांवर ओरडणारे ते नुसते साहेब. आईबापांनी ठेवलेली नावं बाईंना हजेरीपटावर ठीक वाटायची. माणूस कुठून येतो ते कळलं की त्याला उशीर का होतो तेही कळतं, असं त्यांचं म्हणणं.

आमचं ऑफिस अंधेरीत मरोळला, एका विमा कंपनीचं. अपघात, आजारपण, हॉस्पिटल यांचे क्लेम येतात, आणि ज्यांच्याबद्दल वरच्यांच्या मनात पाल चुकचुकते ते आमच्या टेबलावर येतात. लोकांना वाटतं आम्ही टोपी डोळ्यांवर ओढून कुणाच्या तरी मागे रिक्षा लावतो. छे हो! आम्ही खुर्चीत बसतो. लोकांनी आपणहून इंटरनेटवर जे उघड टाकलेलं असतं, म्हणजे वाढदिवस, सहली, हॉटेलांना दिलेले तारे, भाचीच्या नाचाचा व्हिडिओ, ते बघतो आणि क्लेमच्या कागदाशी ताडून पाहतो. हे काम ऑफिसात सगळ्यात आधी ज्यांनी सुरू केलं त्या भारती वैती. तेव्हा त्या टायपिस्ट म्हणून लागून क्लार्क झालेल्या होत्या, आणि असलं काही काम असतं हेच साहेबांना ठाऊक नव्हतं.

बाई वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या. आई अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची आणि दहावीपर्यंत बाईही तिच्याबरोबर पाटीवर बसलेल्या. आमच्या कामाचं सगळं प्रशिक्षण त्यांनी त्या पाटीवरूनच दिलं. "पहिला फोटो म्हणजे पाटीतली वरची मासळी," म्हणायच्या. "वरची कोण वाईट ठेवील? हात घाल, खालची काढ, कल्ले बघ." कल्ले बघणं म्हणजे फोटोतल्या मुख्य माणसाला सोडून मागे बघायचं. भिंतीवरचं कॅलेंडर, टेबलावरचं फळ, कोणाच्या अंगात स्वेटर आहे, कोण घामानं निथळतंय. मी आंब्याकडे बघून महिना सांगायला त्यांच्याकडे शिकले. नवरा म्हणतो तेव्हापासून माझ्याबरोबर कोणाचे फोटो बघायची चोरी झाली आहे.

बुटक्या, गोल, खणखणीत आवाजाच्या. केसांत रोज अबोलीची वेणी. गळ्यात दोन चष्मे, एक कागदांचा आणि एक माणसांचा. डब्यात सुका जवळा असला की एसीवाटे त्याचा वास साहेबांच्या केबिनपर्यंत जायचा. बोरिवली कट्टर शाकाहारी. त्यानं तीनदा लेखी तक्रार केली, आणि तिन्ही तक्रारी टाइप करायला वैतीबाईंकडेच आल्या. त्यांनी तिन्ही नीट टाइप करून, एकीत त्याची वाक्यं सुधारून, साहेबांपुढे ठेवल्या. बोरिवलीनं शेवटी नाद सोडला आणि टेबल खिडकीपाशी नेलं.

संशयितांशी त्यांचं नातं काय सांगू! आपण ज्याला पकडायला बसलोय त्याच्या मुलीचा वाढदिवस दिसला की बाई हरखायच्या. "बघ गो, मोठी झाली पोरगी! मागल्या वर्षी दात नव्हते." एका काकांचा क्लेम बघता बघता त्यांचा अंगठा घसरला आणि काकांच्या चार वर्षं जुन्या फोटोवर लाल बदाम उमटला. ऑफिसात हाहाकार. साहेब केबिनमधून धावत आले. "वाट लागली! त्याला कळलं ना आता!" बाईंनी बदाम काढला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "कळू दे की. फोटो चांगला होता."

कांदिवलीच्या एका गृहस्थांची गोष्ट तर आम्ही नवीन माणसाला चहाबरोबर सांगतो. पाठीचा मणका दुखावला, तीन महिने अंथरुणावरून हलायचं नाही, असं डॉक्टरचं सर्टिफिकेट. गृहस्थ हुशार होते, कुठेही एक फोटो ठेवला नव्हता. मी हात टेकले. बाई म्हणाल्या, "माणूस फोटो लपवतो गो, पण त्याला मत लपवता येत नाही." आणि त्यांनी नकाशावर लोक दुकानांना, सलूनना तारे देतात ते बघायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी सापडले. पूर्ण नावानिशी. आधी एका मिसळीच्या दुकानाबद्दल परिच्छेदभर लिहिलेलं, आणि त्याखाली सह्याद्रीतल्या एका गडाबद्दल: "आजच जाऊन आलो. पायऱ्या उंच आहेत. पार्किंगची सोय नाही. पण वरून नजारा झकास." पाच तारे.

मी टाळी पिटली. बाईंनी मला गप्प केलं. आधी ज्या मंडळाबरोबर ते गेले असतील त्या ट्रेकवाल्यांचं उघडं पान शोधलं, त्या दिवशीच्या सहलीत त्यांचं नाव बघितलं, मगच त्यांना बोलावलं. गृहस्थ कंबरेला रुंद पट्टा बांधून, कण्हत कण्हत आले. बाईंनी उशी दिली, चहा दिला, पाठीची चौकशी केली. मग सहज म्हणाल्या, "काका, त्या गडावर म्हणे पार्किंगच नाही?"

"अजिबात नाही हो!" काका उसळलेच. "दोन किलोमीटर खाली गाडी लावायची आणि तिथून चढत..."

आणि थांबले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. बाईंनी हसू येऊ दिलं नाही. क्लेम मागे घेतल्याच्या कागदावर त्यांची सही घेतली, त्यांना जिन्यापर्यंत सोडलं आणि विचारलं, "ती मिसळ खरंच तशी आहे का हो?" रविवारी त्या तिथे जाऊन आल्या. सोमवारी आम्हाला म्हणाल्या, "काका खोटारडा, पण मिसळीच्या बाबतीत खरा."

हे झालं हसण्याचं. पण बाईंचा राग मी एकदाच पाहिला आणि तो माझ्यावरच होता. घाटकोपरच्या एका माणसाचा हात मोडल्याचा क्लेम होता आणि त्याचं सगळं खातं बंद, फक्त ओळखीच्यांना दिसणारं. मी काय केलं, गुलाबाच्या फुलाचा फोटो लावून 'स्वीटी' नावाचं खातं उघडलं आणि त्याला मैत्रीची विनंती पाठवली. चार मिनिटांत मंजूर! मी नाचतच बाईंकडे गेले. त्यांनी घास डब्यात परत ठेवला.

"गॅसवाला म्हणून कोणी तुझ्या घरात शिरला तर तू काय करशील?"

"बाई, पण तो खोटं बोलतोय!"

"तो बोलतोय ना? मग तू कशाला? त्यानं दार उघडं टाकलं असेल तर रस्त्यावरून दिसेल तेवढं बघायचं. ढकलायचं नाही. पोरांच्या खात्यात तर डोकवायचंच नाही. बंद कर ती स्वीटी."

केली बंद. ती फाईल त्यांनी माझ्याकडून काढून चेंबूरला दिली आणि दोन दिवस मला 'मुलुंड' म्हटलं नाही. 'मॅडम' म्हणत होत्या. इतकं लागलं मला ते, की तिसऱ्या दिवशी त्यांनी "ए मुलुंड, स्टेपलर" म्हटल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आता दत्ताराम मेहेरचं सांगते, कारण वैतीबाई म्हणजे काय चीज होती ते मला त्यातच कळलं.

दत्ताराम मढचा, बोटीवर खलाशी. जानेवारीत जाळं ओढताना दोर त्याच्या पायात अडकला आणि गुडघ्याचा चुरा झाला. एक ऑपरेशन झालं, दुसरं व्हायचं होतं. ते झालं तर पाय वाकणार, नाही झालं तर काठीसारखा ताठ राहणार, असं डॉक्टरनं लिहिलं होतं. आणि ऑपरेशन अडलं होतं आमच्या क्लेमवर. फाईल माझ्याकडे आली जूनमध्ये.

मी तासाभरात निकाल लावला. दत्तारामच्या पुतण्यानं मे महिन्यात एक व्हिडिओ टाकला होता, कोणालाही दिसेल असा. 'आमचे काका ऑन फायर!' घरची हळद, मागे समुद्र, आणि मधोमध दत्ताराम. काय नाचतोय! गुडघ्यांत वाकून, उड्या मारून, डोक्यावर नारळ ठेवून आणि तो न पाडता. जानेवारीत गुडघा फुटलेला माणूस मेमध्ये असा नाचतो? मी अहवाल लिहिला. 'क्लेम बनावट. नामंजूर करावा.' साहेब इतके खूश की त्यांनी मला स्वतःहून खुर्ची दिली. फक्त दुसरी सही वैतीबाईंची लागायची.

बाईंनी व्हिडिओ लावला. हसल्या. परत लावला. टाळीवर ताल धरला. मग माणसांचा चष्मा काढून कागदांचा लावला आणि चौथ्यांदा लावला. मला वाटलं, सही करतील. त्या म्हणाल्या, "मुलुंड, ह्यात होडीचा रंग कुठला?"

"कोणती होडी?"

"तेच तर!"

नाचणाऱ्यांच्या मागे वाळूवर एक बोट ओढलेली होती. निळी, वर हिरवा पट्टा. नाव अर्धं दिसत होतं. बाईंनी मढच्या लोकांचं एक उघडं पान काढलं, तिथे गेल्या नारळी पौर्णिमेचे फोटो होते. तीच बोट, तेच नाव, फुलांच्या माळा, आणि रंग लालभडक.

"पावसात बोटी बंद असतात," बाई सांगू लागल्या, "तेव्हा आमच्यात बोट घासून नवीन रंग काढतात. पौर्णिमेला नारळ देऊन पाण्यात घालायची ती नव्या रंगाची. गेल्या पौर्णिमेपासून ही लाल आहे. मग नाचात निळी कशी?"

"म्हणजे नाच पौर्णिमेच्या आधीचा?"

"आधीचा. दोर अडकला त्याच्या कितीतरी आधी."

साहेबांना पटेना. "वैतीबाई, तुमच्या समाजाचं प्रकरण आहे. तुम्ही ह्यात नका पडू, उगाच बोभाटा होईल. व्हिडिओवर तारीख मेची आहे."

मी असते तर भांडले असते. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, माझ्या शब्दावर जाऊच नका. ती तारीख व्हिडिओ टाकल्याची आहे, नाचल्याची नाही. नाचल्याची शोधून देते, मग बोला."

व्हिडिओच्या कोपऱ्यात फोटोग्राफरचं नाव होतं. बाईंनी त्याचं पान उघडलं. वर त्यानं स्वतःची स्तुती केलेली आणि खाली गिऱ्हाइकांच्या कमेंट. देवा रे! "दादा, फोन उचला." "दादा, अल्बम गणपतीत देणार होतात, कोणत्या गणपतीत?" "दादा, सासरे विचारतात." त्या रांगेत एक कमेंट होती दत्तारामच्या पुतणीची, म्हणजे त्याच हळदीतल्या नवरीची. एप्रिलमधली. "दादा, लग्न झालं, बाळ झालं, काल बारसं पण झालं. आता तरी हळदीचा व्हिडिओ द्या!"

बोरिवली खिडकीपाशी खुर्चीतून घसरेपर्यंत हसला. चेंबूरनं सांगितलं की तिच्या दिराचा व्हिडिओ अजून आला नाही आणि त्याचा घटस्फोटही झाला. साहेबसुद्धा हसले, त्यांच्या मुलीचा अल्बम चौदा महिन्यांनी आला होता. मेमध्ये लग्नाचा पहिला वाढदिवस, त्याच्या तोंडावर फोटोग्राफर पावला, आणि पुतण्यानं आनंदानं काकांचा नाच जगाला दाखवला. बस, एवढंच होतं. आणि मी त्यावर एका माणसाला चोर ठरवलं होतं. सगळे हसत होते आणि मला रडायला येत होतं.

"तू लिहिलंस, तूच खोड," बाई म्हणाल्या. "आणि उद्या चल माझ्याबरोबर. एकदा माणूस बघितल्याशिवाय मी सही करत नाही."

दुसऱ्या दिवशी वेसाव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं पलीकडे मढला गेलो. दत्तारामच्या ओटीवर पंखा होता, त्याखाली तो पाय लांब करून बसलेला. आम्हाला बघून उठायला गेला, भिंतीला धरलं, अर्ध्यात कळ आली आणि मटकन बसला. "माफ करा गो बाय, मना उठाया जमत नाय," म्हणाला, आणि लाजला. पाहुणे आले आणि आपण उठलो नाही, याची त्याला लाज! स्वतःला जमिनीत गाडून घ्यावं असं मला झालं.

बाई सरळ त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या. बोट कोणाची, जाळं कुठलं, दोर कसा अडकला, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "तुझा नाच बघितला रे." झालं! त्यानं बायकोला हाक मारून फोन मागवला. आम्ही सगळ्यांनी तो व्हिडिओ त्याच्या शेजारी बसून परत बघितला. "यो बग, यो मी! नारळ बगा, परला नाय!" त्याचा चांगला पाय पंख्याखाली ताल धरत होता. दुसरा तसाच पडलेला. बायको दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "दिवसातून धा वेळा बगतान." आणि आत निघून गेली.

निघताना मला राहवेना. मी तोंड उघडलं, त्याला सगळं सांगून माफी मागणार होते. बाईंनी माझं मनगट असं धरलं की बांगडी वाकली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तुला हलकं वाटावं म्हणून त्याला जड करू नको. त्याला ठाऊक नाही तेच बरं. कागद कर आधी."

मी कागद केला. त्या रात्री झोप लागेना म्हणून पहाटे उठून केला. बाईंनी सही केली, साहेबांनी केली, क्लेम मंजूर झाला. पत्र गेलं तेव्हा दत्तारामचा फोन आला. आधी खूप वेळ नुसताच हॅलो हॅलो. मग म्हणाला, "मॅडम, एक विचारू? ऑपरेशन होऊन मी परत नाचलो, तर पैसं परत न्याल का?"

मी हसावं की काय करावं! फोन बाईंकडे दिला. त्या ओरडूनच बोलल्या, अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं. "अरे, नाचायलाच तर दिलेत! तू उभा राहा, मी येते नाचायला!"

डिसेंबरात बाई निवृत्त झाल्या. मरोळचं ऑफिस त्या दिवशी जेवढं हसलं तेवढं पुन्हा कधी हसलं नाही. मार्चमध्ये शिमग्याला मला त्यांचा फोन आला. "मुलुंड, मढला ये. दुपारीच ये." गेले. गावात ढोल लागले होते, बायका डोक्यावर सजवलेली मडकी घेऊन निघाल्या होत्या. त्यांत वैतीबाई, कोळी पद्धतीचं हिरवं लुगडं नेसलेल्या. मी त्यांना ऑफिसच्या साडीशिवाय कधी पाहिलंच नव्हतं.

दुसरं ऑपरेशन झालेला दत्ताराम ओटीवरून काठी टेकत उतरला. अंगणात आला आणि थांबला. ढोलवाले थांबले नाहीत, पण घरचे सगळे थांबले. वैतीबाईंनी डोक्यावरचं मडकं त्याच्या पुतणीकडे दिलं, पुढे गेल्या, त्याच्या हातातली काठी काढून माझ्याकडे फेकली आणि त्याचे दोन्ही हात धरले. "वाक रे," म्हणाल्या. "थोडं वाक."

मी सवयीनं पर्समधून फोन काढला होता. मग तसाच आत टाकला, कारण काठी धरायला हात हवा होता.

त्याचा गुडघा वाकला. पुरता नाही, पण वाकला. बायको "बाय गो!" म्हणून किंचाळली. बाईंनी त्याला सोडलं नाही, आणि त्याच्याएवढंच वाकत, त्याच्याएवढंच हळू, त्या नाचू लागल्या.